गणिताचे शिक्षक मिळत नाहीत म्हणे

६ जुलै, रविवार

येऊन चार दिवस झाले. सामान लागलं. म्हणजे हिने लावलं. कुठे काय ठेवायचं ते मी सांगितलं. ही माझ्याआधी वर्षभर इथे परदेशात आली, इस्पितळात नर्स म्हणून. एकटीच राहत होती. आता मी आलोय, घराला जरा वळण लागेल.

दोन खोल्या, तिसरा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळा दिसते. शकुन चांगला.

ही वही फक्त माझ्यासाठी. हिच्या हाती लागली तरी हिला माझं अक्षर लागत नाही.

माहितीसाठी: गणिताचा शिक्षक, अनुभव तेवीस वर्षं, त्यांतली सहा पर्यवेक्षक. यंदा मुख्याध्यापक होणार हे शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या खुर्चीवर पाणी सोडून आलो. ही तसं कधी बोलून दाखवत नाही, पण तिच्यावर त्याचं दडपण असणार.

इथल्या पेपरात पहिल्याच पानावर बातमी: गणिताचे शिक्षक मिळत नाहीत, मुलं तासाला नुसती बसून असतात. वाचून वाईट वाटलं. मग बरं वाटलं.

अंदाज: तीन आठवडे. जास्तीत जास्त चार.

९ जुलै

चौदा शाळांना अर्ज केले. सोबत पदव्या, अनुभवाचं पत्र आणि निरोप समारंभात बोलतानाचा फोटो. माइक तोंडावर आलाय, पण रुबाब कळतो.

चौदाही ठिकाणांहून एकदम बोलावणं आलं तर तेरा जणांना नाही कसं म्हणायचं? कुणाचं मन दुखवायचं नाही. नकाराचा मसुदा आजच करून ठेवला.

१७ जुलै

अकरा उत्तरं आली. सगळ्यांचं म्हणणं एकच: आधी शिक्षक म्हणून नोंदणी करा, मग बोलू. याचा अर्थ उत्सुक आहेत. कागदावर अडलंय इतकंच.

नोंदणी कार्यालयाला फोन केला. टेप लागली: आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बाईंचा आवाज सोज्वळ. पन्नास मिनिटं ऐकला. तोवर दिवसभरात माझ्याशी त्याच काय त्या बोलल्या. (हे वाक्य वाचताना जरा वेगळं वाटतंय. पण खोडत नाही. वहीत खाडाखोड वाईट दिसते.)

मग फोनवर एक गृहस्थ आले. म्हणाले, बी.एड.च्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तास आणि गुण हवेत. विद्यापीठाने बंद लिफाफ्यात थेट आम्हाला पाठवायचे. सराव पाठ किती घेतले, कोणाच्या देखरेखीखाली घेतले, तेही हवं. मी म्हटलं, तेवीस वर्षं रोज सहा पाठ घेतोय. ते म्हणाले, ते नाही, त्याच्या आधीचे.

२९ जुलै

लेकीला विद्यापीठात पाठवलं. ती त्याच शहरात वसतिगृहावर असते, शेवटच्या वर्षाला. खिडकीवरच्या क्लार्कने सांगितलं, त्या सालचे अभ्यासक्रम रेकॉर्ड रूममध्ये आहेत, आणि रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत. कधी येणार? तर म्हणे लेखी विचारा. लेक म्हणाली, बाबा, लेखी विचारलंय, आता ते लेखी कुणाच्या टेबलावर आहे ते तोंडी विचारायला उद्या जाणार आहे.

तिला म्हटलं, चिकाटी शीक, माझ्याकडे बघ. मग तिने विचारलं, तुम्ही दिवसभर काय करता?

म्हटलं, तयारी.

३० जुलै, सकाळी ७

दिनक्रम ठरवला. सहाला उठणे, फिरणे, दोन तास इथल्या पाठ्यपुस्तकांचा अभ्यास, दुपारी झोप नाही. वेळापत्रक पट्टीने आखून भिंतीला लावलं. उद्यापासून काटेकोर.

३१ जुलै, दुपारी ४

आत्ता उठलो. पहिला दिवस धरायचा नसतो.

४ ऑगस्ट

हिच्या पाळ्या विचित्र आहेत. मी उठतो तेव्हा ही गेलेली असते. येते ती दमून झोपते. त्यामुळे आमचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतं. आजची चिठ्ठी: ‘भाजी गरम करून घ्या. दुध वरच्या कप्प्यात आहे.’

दूधमधला दू दीर्घ. लाल पेनने दुरुस्त केला. खाली शेराही दिला: ‘अक्षरात सुधारणा आहे.’ कौतुक वेळच्या वेळी करावं.

११ ऑगस्ट

आज चिठ्ठी नाही. घाईत असेल.

१४ ऑगस्ट

चिठ्ठी नाही. बहुधा पेन संपलं. एक नवं पेन फ्रिजवर ठेवलं.

२३ ऑगस्ट

नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा. मी! ज्याने आयुष्यभर इंग्रजी माध्यमाला गणित शिकवलं! असो. गेलो. हॉलमध्ये सगळे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. एका मुलीने मला विचारलं, पेन्सिली कुठे मिळतील. तिला वाटलं मी पर्यवेक्षक आहे. छान वाटलं. उठून पेन्सिली आणून दिल्या, दोन रांगांना वाटल्यासुद्धा. मग खऱ्या पर्यवेक्षकबाईंनी जागेवर बसायला सांगितलं.

बोलण्याच्या परीक्षेत विषय दिला: तुम्हाला मदत करणाऱ्या एका व्यक्तीबद्दल दोन मिनिटं बोला. विषय फार मोघम होता. मदत म्हणजे काय, व्यक्ती कोणती, हे आधी ठरवावं लागतं, असं मी त्यांना समजावलं. दोन मिनिटं त्यातच गेली. प्रभाव पडला असावा. परीक्षक सारखं लिहून घेत होते.

६ सप्टेंबर

निकाल. वाचन उत्तम. लेखन उत्तम. बोलणंसुद्धा पास. ऐकण्यात अर्ध्या गुणाने गेलो. त्यांच्या यंत्रात दोष असणार. माझ्या हेडफोनमध्ये खरखर होती, तेव्हाच सांगायला हवं होतं.

हिला सांगितलं. ही हसली. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, एवढ्यासाठी परीक्षेला कशाला बसलात, मला विचारलं असतं तर मीच मार्क दिले असते.

एवढं काय हसण्यासारखं ते कळलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं.

१५ सप्टेंबर

संशोधन म्हणून रोज सकाळी पावणेअकराला शाळेच्या कुंपणापाशी जातो. छोटी सुट्टी असते. मुलं कशी रांग लावतात, शिक्षक कुठे उभे राहतात, याची टिपणं काढतो. इथले शिक्षक हातात कपबशी घेऊन मैदानावर फिरतात. आमच्याकडे मी हे चालू दिलं नसतं.

आज एक बाई फाटकातून बाहेर आल्या. नम्रपणे विचारलं, तुमचं मूल इथे शिकतं का? म्हटलं, नाही. मग कुणाची वाट पाहताय का? म्हटलं, शाळेची. म्हणाल्या, इथे असं उभं राहू नका, पालकांना काळजी वाटते.

इथली सुरक्षाव्यवस्था उत्तम आहे. मुलाखतीत आवर्जून उल्लेख करावा.

(फिरण्याचा रस्ता बदलला. तलावाकडून. तिकडे कुणी नसतं.)

७ ऑक्टोबर, सकाळी

मुद्दाम लवकर उठून जुन्या शाळेत फोन लावला. तिकडे मधली सुट्टी गाठायची होती. विज्ञानाच्या बाईंनी उचलला. स्टाफरूममध्ये गलका, डब्यांचे आवाज. सगळ्यांना माझा नमस्कार सांगा म्हटलं. त्यांनी मोठ्याने सांगितला. कुणीतरी ओरडलं, सर, लागलात का कुठे? म्हटलं, निवडप्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. एकाहून अधिक शाळा आहेत, त्यामुळे जरा वेळ लागतोय.

मुख्याध्यापक म्हणून पीटी मास्तरांची नेमणूक झाली. पीटी मास्तर! त्या माणसाला त्रैराशिक येत नाही. बाई म्हणाल्या, पण सर, सगळ्यांशी बोलतात, बरं चाललंय. मी अभिनंदन कळवायला सांगितलं. मन मोठं ठेवावं.

तेवढ्यात घंटा झाली. बाई म्हणाल्या, सर, तास आहे, पळते. फोन बंद करायला विसरल्या. खुर्च्या सरकल्याचे आवाज, मग पावलं, मग काही नाही. थोड्या वेळाने लांबून कुठल्यातरी वर्गात पाढे म्हणतायत असं ऐकू आलं. बहुधा पाचवी.

मी उभा होतो. घंटा झाल्यावर उठलो असणार.

फोन मीच बंद केला, बऱ्याच वेळाने.

१८ ऑक्टोबर

ऐकण्याची परीक्षा दुसऱ्यांदा. पास. यंत्र दुरुस्त केलेलं दिसतं.

२७ ऑक्टोबर

किल्लीवाले गृहस्थ रजेवरून आले. लिफाफा निघाला! लेकीने पोस्टाची पावती पाठवली. तिला शाबासकी दिली. ती म्हणाली, शाबासकी नको, आईला फोन करायला सांगा, आई हल्ली नीट बोलत नाही. म्हटलं, आई दमलेली असते. लेक म्हणाली, दमलेली नाही, वेगळं काहीतरी आहे. या वयात मुलांना उगाच काहीतरी वाटत असतं.

५ नोव्हेंबर

कागद पोचले. निर्णयाला बारा ते सोळा आठवडे. तोवर हात चालू राहिला पाहिजे. सार्वजनिक वाचनालयात विचारलं. त्यांनी एक टेबल दिलं, वर पाटी: ‘गणितात मदत. मोफत. बुधवार आणि शुक्रवार, ३ ते ५.’

मी गर्दीचा विचार करून नंबराच्या चिठ्ठ्या तयार केल्या. एक ते चाळीस.

१९ नोव्हेंबर

पाचवी बैठक. एक आजोबा आले. त्यांना स्वच्छतागृह कुठे ते हवं होतं.

२६ नोव्हेंबर

विद्यार्थिनी! वाचनालयात सफाई करणाऱ्या बाई. पन्नाशीच्या. झाडू टेबलाला टेकवून विचारलं, अपूर्णांक येतात का? मी म्हटलं, तुम्हाला की मला? त्या हसल्या. त्यांना वृद्धाश्रमात काळजीवाहकाची नोकरी हवी आहे. त्याआधी औषधांच्या मात्रेचा हिशेब असलेली एक परीक्षा द्यावी लागते. दोनदा नापास झाल्यात. शाळा बाराव्या वर्षी सुटली म्हणाल्या.

त्यांना एक नंबराची चिठ्ठी दिली. शिस्त ती शिस्त.

१२ डिसेंबर

बाई हुशार आहेत, पण मध्येच थांबवतात. छेद समान का करायचे? मी म्हटलं, नियम आहे. त्या म्हणाल्या, नियम कळला, का ते सांगा. मी नियम पुन्हा सांगितला. त्या म्हणाल्या, हे तुम्ही आत्ताच म्हणालात.

मग मी कागदाची पट्टी फाडली. आधी दोन तुकडे, मग तीन, मग सहा. टेबलावर मांडून बसलो दोघं. पाच वाजून गेले ते कळलंही नाही. सहा तुकड्यांपाशी त्या ‘हां’ म्हणाल्या. तो ‘हां’ खरा होता. घरी येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

हिला सांगायचं होतं. ही झोपली होती.

९ जानेवारी

बाई पास झाल्या! शंभरात एक्क्याऐंशी. वाचनालयात शिरल्या शिरल्या मला सांगितलं, माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. सोमवारपासून नव्या कामावर. शहराच्या दुसऱ्या टोकाला.

उत्तम झालं. यालाच निकाल म्हणतात. शंभर टक्के निकाल, कारण विद्यार्थिनी एकच.

१४ जानेवारी

३ ते ५. कोणी नाही.

१६ जानेवारी

३ ते ५. कोणी नाही. जमीन पुसायला आता एक मशीन आणलंय.

२८ जानेवारी

मोठी बातमी. एका खाजगी शाळेने नमुना पाठासाठी बोलावलं. नोंदणी व्हायची असली तरी चालेल, तोवर बदली शिक्षक म्हणून घेतील. परवा, दहा वाजता, आठवीचा वर्ग, विषय पायथागोरसचं प्रमेय. हा पाठ मी झोपेत घेऊ शकतो. घेतलाही आहे, एकदा, ताप असताना.

कोट इस्त्री केला. मुख्याध्यापक झाल्यावर घालायचा म्हणून शिवला होता.

३० जानेवारी, दुपारी २

सविस्तर लिहिणार होतो.

फळा म्हणजे मोठा पडदा निघाला. खडू नव्हताच. खिशात मार्कर होता, त्याने काटकोन त्रिकोण काढला. सुबक आला. मागे बसलेल्या मुख्याध्यापिकाबाई उठून उभ्या राहिल्या. तो पडदा पुसायचा नसतो म्हणे. एक मुलगी ओल्या फडक्याने पुसू लागली. त्रिकोण गेला नाही. अजून तिथेच असेल.

पाठ घेतला. एकही पायरी सुटली नाही. शेवटी नेहमीसारखं विचारलं, समजलं?

एक मुलगा म्हणाला, नाही.

उद्धटपणे नाही. साधंच. तेवीस वर्षांत या प्रश्नाला हे उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. मी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मग आणखी दोघं म्हणाले, आम्हालाही नाही. कागद फाडून दाखवावं असं तेव्हा एकदाही मनात आलं नाही. बसमध्ये आलं.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, कळवू.

आमच्या शाळेतल्या त्या सगळ्या मुलांना समजलं होतं का?

समजलं असणार. निकाल चांगले लागायचे.

१७ फेब्रुवारी

नोंदणी कार्यालयाचा निर्णय. माझं बी.एड. ‘अंशतः समकक्ष’. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात अठरा आठवडे मान्यताप्राप्त शिक्षकाच्या हाताखाली सराव. हाताखाली!

लगेच अपील लिहायला बसलो. सात पानं झाली. मुद्दा क्रमांक चौदा आत्ता चालू आहे.

१९ फेब्रुवारी

हिची सुट्टी होती. अपील वाचून दाखवलं. नवव्या मुद्द्याला ही म्हणाली, अहो, करून टाका तो कोर्स. मी म्हटलं, मी? या वयात बाकावर? पर्यवेक्षक माणूस?

ही म्हणाली, मीही तिकडे इन्चार्ज सिस्टर होते, सोळा वर्षं. इथे पहिले सात महिने चादरी बदलल्या आणि भांडी उचलली. चोवीस वर्षांच्या मुली मला हात कसे धुवायचे ते शिकवत होत्या.

मी म्हटलं, हे मला कधी सांगितलं नाहीस.

म्हणाली, दर रविवारी फोनवर सांगत होते. तुम्ही सहामाहीच्या पेपरांबद्दल बोलत होतात.

मग म्हणाली, तुम्हाला नोकरी नाही याचं मला काहीच नाही. देवाशपथ नाही. पण दिवसभर राबून घरी यावं तर दार उघडल्यावर पुन्हा वर्गात आल्यासारखं वाटतं. चिठ्ठी लिहायची भीती वाटते मला. घरच्या घरी.

मी विचार केला आणि म्हटलं, तू त्या दुरुस्त्या वैयक्तिक घेऊ नकोस.

ही आत गेली. दार लोटलं नाही. नुसती आत गेली.

२० फेब्रुवारी

अपील पोस्टात टाकलं नाही. आधी शुद्धलेखन तपासून घ्यावं.

२४ फेब्रुवारी

कोर्सचे प्रवेश सप्टेंबरमध्ये. अर्ज मागवून ठेवला. नुसता माहितीसाठी.

१० मार्च, मंगळवार, संध्याकाळी ६

शाळेत लागलो.

पद: जेवणाच्या सुट्टीतली देखरेख. रोज दोन तास. नोंदणी लागत नाही, पदवीही लागत नाही. पिवळं जाकीट मिळतं. मुलं पळताना पडत नाहीत ना, डबे टाकून जात नाहीत ना, एवढं पाहायचं. लेकीला काय सांगायचं याचा बसमध्ये बराच विचार केला. ‘मध्यांतर विभाग’ हे बरं वाटलं. मग फोनवर खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, अरे वा बाबा, बाहेर पडलात. खरंच खूश होती. त्याचाच जास्त त्रास झाला.

ऑफिसमधल्या बाईंनी फॉर्म दिला होता. नाव, पत्ता, रक्तगट, भराभर लिहिलं. मग: तुम्हाला काही झालं तर कोणाला कळवायचं? दोन नावं.

पहिलं हिचं लिहिलं. दुसऱ्याला पेन थांबलं. लेकीचं चालेल का विचारलं. त्या म्हणाल्या, इथलं कुणीतरी हवं, अर्ध्या तासात पोचू शकेल असं. शेजारी, मित्र, कुणीही चालेल.

आठ महिने झाले. समोरच्या दारावर पाटी आहे, ती आडनावाची की धंद्याची हे मला माहीत नाही. पेनला टोपण लावलं. बाई म्हणाल्या, उद्या आणून दिला तरी चालेल, घाई नाही. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. चांगल्या वाटल्या.

घरी आलो तर ही मटार सोलत होती. कोट काढला आणि विचारलं, तू इथे आलीस तेव्हा इस्पितळात असाच फॉर्म भरला असशील. दुसरं नाव कुणाचं दिलंस?

ही म्हणाली, दोन्ही ओळींत तुमचंच दिलं. एकीत घरचा नंबर, दुसरीत शाळेचा. त्यांनी विचारलं, हे किती वेळात पोचू शकतील? मी म्हटलं, सांगता येत नाही.

मी विचारलं, मग?

मग काय, म्हणाली, नशिबाने वर्षभर काही झालं नाही. एकदा ताप आला होता आठ दिवस. उतरला.

मी तिच्यासमोर बसलो. मूठभर शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या. ही आधी माझ्या हातांकडे पाहत होती, मग आपल्या कामाला लागली. मटार कसे सोलावेत याबद्दल मी काही बोललो नाही.